भाषेतील स्वर : नेहमीचे आणि विरळा



‘तो आला.’ आणि ‘तो आला?’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. भेद केवळ आवाजाच्या चढउताराचा. या चढउतारास आपण हेल म्हणतो. आमची घरची बोली कोकणी. त्यामुळे पांढुर्णा-सौंसरकडील मराठीचा हेल प्रथम आमच्या कानास निराळा वाटला, आणि आमचा हेल येथील मुलांस!

मराठीत हेलाने वाक्याचा भाव पालटतो. काही भाषांत मात्र स्वराच्या उंचीने शब्दाचा अर्थच पालटतो. चिनी भाषेत ‘मा’ हे एकच अक्षर चार स्वरांत उच्चारिले म्हणजे आई, ताग, घोडा आणि शिव्या देणे असे चार अर्थ होतात. पण त्यासाठी चीनपर्यंत जावयास नको. पंजाबीत ‘घोडा’ हा शब्द ‘क’ सारख्या आरंभाने व उतरत्या स्वराने बोलला जातो; तो स्वरच त्यास चाबूक या अर्थाच्या ‘कोडा’ शब्दापासून वेगळा करतो. आपल्या शेजारच्या बैतुल जिल्ह्यात आणि मेळघाटात बोलल्या जाणाऱ्या कोरकू भाषेतही नीच स्वर आहे. नॉर्मन झाइड या भाषाशास्त्रज्ञांनी १९६६ साली त्यावर लेख लिहिला.

हे स्वर मूल शिकते ते ऐकून. सहा महिन्यांच्या बालकास परक्या भाषेतील स्वरभेदही ओळखता येतात. परंतु घरात तसे स्वर कानी पडत नसतील, तर नवव्या महिन्याच्या सुमारास ही शक्ती मंदावते. जे वारंवार ऐकू येते ते कान न शिकविता टिपतो. इतकेच नव्हे, तर अक्षर अस्पष्ट ऐकू आले असता चिनी श्रोते त्या अक्षराशी नेहमी येणारा स्वरच गृहीत धरतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे नेहमीचा स्वर विरळा स्वरास गिळू पाहतो.

मग विरळा स्वर टिकतो कसा? याचे उत्तर आपल्याकडील वेदपठणात सापडते. तेथे उदात्त, अनुदात्त व स्वरित असे तीन स्वर आहेत. उदात्तानंतर येणारा अनुदात्त बहुधा स्वरित होतो. ही चाल पदोपदी येत असल्याने शिष्याच्या जिभेवर ती सहज बसते. परंतु ‘कन्या’ यासारख्या थोड्या शब्दांत, आधी उदात्त नसतानाही स्वरित येतो. असे शब्द नियमाच्या ओघात सापडत नाहीत. ते एकेक करून गुरुमुखातून ऐकावे, म्हणून दाखवावे आणि चुकल्यास पुन्हा म्हणावे लागतात. पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन या पाठांत तेच शब्द निरनिराळ्या क्रमाने घोकून घेतात, ते यासाठीच. स्वर चुकल्यास काय अनर्थ होतो, हे सांगणारी त्वष्ट्याची कथा प्रसिद्ध आहे. ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा अंत्य स्वर उदात्त असता ‘इंद्रास मारणारा’ असा अर्थ झाला असता. आरंभीचा उदात्त झाला आणि ‘इंद्र ज्यास मारील तो’ असा अर्थ होऊन वृत्रच मारला गेला.

यावरून एक गोष्ट आम्हांस ध्यानात घ्यावीशी वाटते. नेहमीचे कानाने येते. विरळा ते मनाने जपावे लागते. आपण मध्यप्रदेशातील मराठी मुले. बाजारात हिंदी, घरी मराठी, तर काहींच्या घरी गोंडी. आजीच्या तोंडचा एखादा शब्द व त्याचा खास हेल वर्षातून एकदाच, सणावारी कानी पडतो. तो न जपल्यास बाजारची चाल त्याची जागा घेईल, आणि तो गेला हेही कोणास कळणार नाही. म्हणून असा शब्द ऐकताच आजीस तो पुन्हा म्हणावयास सांगावा, आपण तसाच मोठ्याने म्हणून दाखवावा, आणि तिने ‘असा नव्हे, असा’ म्हटले तर कंटाळू नये. वहीत शब्द राहील, पण हेल वहीत राहत नाही; तो एका कंठातून दुसऱ्या कंठातच जातो.