मशीन घ्यायला नको, विचारायला जा

प्रश्न : वणीत माझे वॉशिंग सेंटर आहे. कोळशाचे ट्रक, ट्रॅक्टर धुतो. आता सोलर पॅनेल, इमारती धुण्याची कामेही घ्यायची आहेत. मुंबईच्या ‘क्लीन इंडिया शो’ला जाऊ का?

उत्तर : जरूर जा. सफाईच्या धंद्यातले कंत्राटदार, मशीनवाले एका छताखाली भेटतात. गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये हे प्रदर्शन भरत आले आहे. तारीख-ठिकाणाची खात्री करूनच रेल्वेचे आरक्षण करा.

स्टॉलवर प्रेशर वॉशरचा विक्रेता आधी बार, म्हणजे दाब, सांगेल. तुम्ही लिटर विचारा. चिखल सुटतो दाबाने, पण वाहून जातो प्रवाहाने. १५० बार आणि मिनिटाला १५ लिटर हवे असतील, तर मोटर साधारण ६ एचपीची, म्हणजे थ्री फेज आलेच. सील आणि व्हॉल्व्ह नागपुरात मिळतात का, हेही तिथेच विचारा. सुट्या भागासाठी मशीन आठवडाभर बंद राहिले की गिऱ्हाईक दुसरीकडे जाते.

पाण्याचा प्रश्न मात्र सर्वांत मोठा. मिनिटाला १५ लिटर म्हणजे तासाला ९०० लिटर. २०१८च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने सोसलेली टंचाई आठवा. म्हणून गाळ आणि तेल वेगळे करून पाणी पुन्हा वापरणाऱ्या यंत्रणेच्या स्टॉलवर सर्वाधिक वेळ द्या. सोलर पॅनेलवर जोराचा फवारा मारू नका. मऊ ब्रश आणि क्षार काढलेले पाणी वापरा. बोअरच्या जड पाण्याचे डाग राहतात.

आलेल्या कंत्राटदारांना चौरस फुटाचे दर विचारा. अ‍ॅडव्हान्स देऊ नका. कोटेशन आणा, वणीत डेमो मागा, मगच पैसे मोजा.