चंद्रपूरच्या उन्हात रुजू होणाऱ्या भाच्याला

बाबू, पुणं सोडून ऐन मे महिन्यात चंद्रपूरला रुजू व्हायला येतोयस, म्हणजे हौसच म्हणायची! इथे पारा ४५च्या पुढे गेला तरी आम्ही लग्नाला जातो. ऊन काही तुझ्यासाठी कमी होणार नाही. अंगालाच ते हळूहळू शिकवावं लागतं.

१. पहिले दहा-बारा दिवस उन्हातलं काम रोज थोडं थोडं वाढव — घाम लवकर सुटायला आणि रक्तातलं पाणी वाढायला आठवडा-दोन आठवडे लागतात, ते साहेबाच्या हुकमाने होत नाही. उन्हाशी आधी ओळख, मग सोयरीक.

२. त्या दिवसांत ताकात, पन्ह्यात मीठ घालायला विसरू नकोस — नवख्याचा घाम फार खारट असतो, शर्टावर पांढरे डाग उठतात ते त्याचेच. पुढे मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अल्डोस्टेरॉन जास्त सोडायला लागतात; ते घामातलं मीठ परत ओढून घेतं आणि डाग फिके पडतात. सुट्टीत महिनाभर पुण्याला राहून आलास, की हे शिकलेलं बरंचसं पुसलं जातं.

३. भर उन्हात तासन् तास नुसतं पाणी ढोसू नकोस — रक्तातलं मीठ पातळ झालं की डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. लिटरभर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं लक्षात ठेव.

४. लघवीचा रंग बघत जा, लाजायचं काय त्यात — पाणी कमी पडलं की मेंदूखालची पियूषिका ग्रंथी व्हॅसोप्रेसिन सोडते, मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं आणि रंग गडद होतो. ‘उन्हाळी लागली’ म्हणत माझ्याकडे येण्याआधी कळेल.

५. ‘थंड असते ना मावशी’ म्हणून बिअरची वकिली करू नकोस — दारू त्याच व्हॅसोप्रेसिनला दाबते, प्यालेलं सगळं बाहेर.

६. दुपारी भूक मेली म्हणून आईला फोन लावू नकोस — अन्न पचवतानाही अंगात उष्णता तयार होते, मटणाने जास्तच. सावजी रात्रीला ठेव. दुपारी भाकरी, ताक, कांदा. आणि कांदा ताटातलाच बरं, खिशातल्या कांद्याने फक्त खिसा वासतो. (आजीसमोर हे बोलायचं नाही.)

७. काकांना गाडीतून कुठे नेलंस तर इन्सुलिन गाडीत विसरू नकोस — तापलं की त्याचा गुण जातो. वीज गेली तर कुपी पिशवीत बांधून कोऱ्या मडक्यात ठेवायची आणि मडकं पाण्याच्या परातीत.

८. त्यांच्यासाठी खिशात साखर असू दे — उन्हात कातडीकडे रक्त जास्त धावतं, टोचलेलं इन्सुलिन लवकर भिनतं आणि साखर एकदम उतरते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो. बघणारे म्हणतात ऊन लागलं.

९. ताई नवतप्यात यायचं म्हणते, तर तिच्या बीपीच्या गोळ्या आधी डॉक्टरांना दाखव — काही गोळ्या लघवीवाटे मीठ-पाणी काढतात, त्यात वय झालं की तहानही उशिरा लागते. परस्पर बंद मात्र करायच्या नाहीत.

१०. कूलर लावलास की समोरची खिडकी उघडी ठेव — दमट हवा कोंडली तर घाम सुकत नाही, आणि गारवा घाम सुकण्यातच आहे. लिटरभर घाम सुकताना अंगातली जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता टपकला तर काहीच नेत नाही.

११. तापलेल्या अंगाने कुणी असंबद्ध बडबडायला लागलं तर तापाची गोळी देत बसू नकोस — तापात मेंदू स्वतःच अंगाचं तापमान चढवतो, गोळी त्यावर चालते. ऊन लागण्यात ते हाताबाहेर गेलेलं असतं. सावलीत घे, कपडे सैल कर, अंगावर पाणी ओतत पंखा घाल आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांग. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नकोस.