कंबरदुखी आणि कडक गोळी

आपल्या वस्त्यांत कंबर दुखत नाही असे घर सापडणे कठीण. ताडीवाला रोड असो, दांडेकर पूल असो, बोपोडी की येरवडा, आरोग्याच्या कामासाठी आम्ही घरोघर जातो तेव्हा ताप-खोकल्याच्या आधी कंबरेचीच तक्रार कानावर येते. कोणी पहाटे रस्ता झाडते, कोणी चार घरची धुणीभांडी करते, कोणी मार्केट यार्डात पोती उचलतो, तर कोणी दिवसभर रिक्षाच्या सीटवर अवघडून बसलेला असतो. आणि बहुतेकांचा इलाजही एकच. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक सुई घ्यायची, तीन दिवसांच्या गोळ्या घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत कामाला जायचे. गोळ्या संपल्या की तीच पट्टी मेडिकलवाल्याला दाखवून आणखी दहा गोळ्या आणायच्या. हा महिना त्या पट्टीविषयी, आणि तिच्याशिवाय कंबर बरी कशी होते त्याविषयी.

आधी उसणीचे बोलू. वाकताना कंबरेत एकदम चमक भरते, माणूस सरळ होऊ शकत नाही. गावाकडे अशा वेळी पायाळू माणूस शोधतात. त्याने कंबरेला लाथ लावली की उसण जाते, असा समज. उसण जाते हे खरेच आहे, पण लाथेने नव्हे. अशा अचानक भरलेल्या कंबरेपैकी बहुतेक कंबरा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप मोकळ्या होतात. मधल्या काळात जो कोणी काही करेल त्याला श्रेय मिळते. पायाळूला मिळते, पट्ट्याला मिळते, तसेच सुईलाही मिळते. आम्हाला पायाळूपेक्षा सुईची काळजी जास्त वाटते, कारण लाथेची सवय लागत नाही.

सुईत काय असते? बहुधा डायक्लोफिनॅक, कधी स्टेरॉइड, कधी ट्रामाडॉल. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन ही सूज-वेदना कमी करणारी औषधे आहेत. जेवणानंतर, थोडे दिवस, डॉक्टरांना विचारून घेतली तर उपयोगी पडतात. मात्र रोज घेतली तर पोटात व्रण होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते. साखर किंवा बी.पी. असलेल्यांनी जास्तच जपावे. ट्रामाडॉलची गोष्ट वेगळी. ते कारखान्यात बनत असले तरी अफूच्या जातीचे औषध आहे, अफू मेंदूत जिथे काम करते तिथेच तेही करते. टॅपेन्टाडॉल आणि कोडीन हीही त्याच कुळातली. ट्रामाडॉलचा गैरवापर इतका वाढला की केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. तरीही पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत मिसळलेले ट्रामाडॉल वस्तीतल्या डब्या-डब्यांत आम्हाला दिसते, आणि घेणाऱ्याला ते काय आहे हे माहीत नसते. त्याने चक्कर येते, मळमळते, बद्धकोष्ठ होतो, झोप येते, काहींना फिट येते. दारूबरोबर घेतले तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. काही आठवडे रोज घेतले की शरीर ते मागू लागते, आणि कालची एक गोळी आज पुरत नाही.

एवढे सोसून कंबर तरी बरी होते का? ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संशोधकांनी हेच तपासले. नव्याने कंबर किंवा मान धरलेल्या ३४७ रुग्णांपैकी निम्म्यांना अफूच्या जातीची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या वेदनेत फरक नव्हता. वर्षानंतर पाहिले तर खरी गोळी घेतलेल्यांत औषधाच्या गैरवापराचा धोका मात्र जास्त होता. हा अभ्यास २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अमेरिकेत डॉक्टरांनी अंगदुखी-कंबरदुखीला या गोळ्या वर्षानुवर्षे सढळ हाताने लिहिल्या. तिथल्या व्यसनाच्या साथीची सुरुवात तिथून झाली. पुढे हेरॉइन आणि बेकायदा फेंटानिल आले, आणि २०२१ या एका वर्षात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिसेवनाने तिथे ८०,००० हून अधिक माणसे गेली.

म्हणून घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडून पट्टीच्या मागची बारीक अक्षरे वाचून घ्या. ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन यांपैकी नाव असेल तर डॉक्टरांना विचारा, जुन्या चिठ्ठीवर पुन्हा आणू नका. पण महिनोन् महिने घेत असाल तर आज वाचून उद्या एकदम बंदही करू नका. घाम, कापरे, जुलाब, अस्वस्थता सुरू होते. डॉक्टर ती हळूहळू कमी करून देतात. आणि एक गैरसमज नको. कॅन्सरच्या वेदनेत मॉर्फिन देतात ते योग्यच आहे, तिथे घरच्यांनी भिऊन रुग्णाला तळमळत ठेवू नये. आपण इथे कष्टाच्या कंबरेबद्दल बोलतो आहोत.

औषधाच्या नावाखाली येणाऱ्या बिननावाच्या पुड्यांबद्दलही एक वाक्य. अशा ‘देशी’ पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे. चार दिवस जादू वाटते, मग चेहरा सुजतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात.

आता काही खुणा, ज्या दिसल्या तर व्यायाम नको, थेट मोठे रुग्णालय. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागी बधिरता आली, पायातली ताकद गेली, चालताना पाऊल घसटू लागले, तर त्याच दिवशी ससूनचा अपघात विभाग गाठा, सकाळची वाट पाहू नका. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, आणि आडवे झाले तरी रात्रभर ठणकणारी पाठ, हे मणक्याच्या टीबीचे लक्षण असू शकते. दाटीवाटीच्या वस्तीत हे विसरून चालणार नाही. टीबी फक्त फुप्फुसाला होतो असे नाही. त्याचे औषध सरकारी केंद्रात मोफत आहे आणि उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा १,००० रुपये खात्यात येतात. वर्षभर वेदनेच्या गोळ्या खाऊन टीबी झाकला गेला तर मणका खचतो, पोक येते, पाय जातात. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, किंवा म्हातारे माणूस पडल्यानंतर पाठ दुखत असेल, तरीही आधी तपासणी.

या खुणा नसतील तर एमआरआयची घाई नको. पाच-सहा हजार कर्ज काढून फोटो काढतात आणि त्यावर ‘डिस्क बल्ज’ लिहून येते. घरात रडारड होते, ‘गादी सरकली’. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा माणसांचे फोटो डॉक्टरांनी तपासले आहेत. विशीतल्या १०० जणांत साधारण ३० जणांची आणि पन्नाशीतल्या १०० जणांत ६० जणांची गादी अशी फुगलेली दिसते. केस पिकावेत तसे ते आहे. आणि गादी खरोखर सरकून पायात कळ येत असली तरी बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही, काही महिन्यांत शरीर तो भाग शोषून घेते.

मग इलाज काय? वैद्यकात भौतिक चिकित्सा व पुनर्वसन नावाची एक शाखा आहे. महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना परत उभे करताना ती वाढली. आपल्या वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, तर मुंबईत हाजी अलीला याच शाखेची केंद्र सरकारची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. या शाखेतले डॉक्टर ‘दुखते किती’ याबरोबर ‘करता काय येत नाही’ हेही विचारतात. बादली उचलता येत नाही? मग बादली उचलता येईपर्यंतचा रस्ता ते आणि फिजिओथेरपिस्ट आखून देतात.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिले. त्यात व्यायाम, दुखण्याची नीट समजूत, आणि काहींना मालिशसारखे हातांचे उपचार यांना पसंती आहे. अफूवर्गीय गोळ्या, कंबरेचा पट्टा, वजन लावणे आणि अल्ट्रासाउंडचा शेक नेहमीचा उपचार म्हणून नकोत, असेही त्यात म्हटले आहे. गल्लीतल्या अनेक दवाखान्यांत नेमके हेच पैसे घेऊन चालते. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घरच्या घरी घ्या, बरे वाटते.

सगळ्यात स्वस्त औषध चालणे. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातच ७०१ माणसांवर झालेल्या अभ्यासात, कंबर बरी झाल्यावर ज्यांना नियमित चालायला लावले त्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांना ११२. ‘आम्ही दिवसभर चालतोच की’, असे झाडूवाल्या ताई म्हणतात. ओझे घेऊन, वाकून, घाईत चालणे वेगळे आणि रिकाम्या हातांनी, ताठ, हात हलवत चालणे वेगळे. दहा मिनिटांपासून सुरू करा, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवा, अर्ध्या तासापर्यंत जा.

खोलीत चटईपुरती जागा असली तरी पुढचे व्यायाम होतात. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पावले जमिनीला टेकवा आणि कंबर-नितंब उचला. पाच मोजा, खाली आणा. असे दहा वेळा. मग हात-गुडघ्यांवर या आणि मांजर पाठ फुगवते तशी पाठ वर करा, खाली सोडा. तिथेच एक पाय मागे सरळ करून थोडा वेळ धरा, मग दुसरा. शेवटी स्टुलावरून हात न टेकता उठा-बसा. व्यायाम करताना सोळा आण्यांत चार-पाच आणे दुखले तर चालेल, दुखले म्हणजे काही मोडत नाही. पायातली कळ वर सरकून कंबरेत आली तर ते सुधारणेचे चिन्ह आहे. कळ आणखी खाली पोटरीकडे जाऊ लागली तर तो व्यायाम थांबवा आणि दाखवा. फळ दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. या काळात दोनच गोष्टी घात करतात. एक, दिवसच्या दिवस पडून राहणे. दुसरी, एखाद्या दिवशी बरे वाटले म्हणून आठवड्याची धुणी एका दुपारी उरकणे. दुसरी चूक बायका जास्त करतात, आणि ती त्यांची हौस नसते.

इथे एक प्रसंग आठवतो. मज्झिम निकायातल्या सेख सुत्तात आहे, की कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात भगवान बुद्ध रात्री उशिरापर्यंत उपदेश करत होते. मग त्यांनी आनंदाला सांगितले, माझी पाठ दुखते आहे, पुढचे तू बोल. आणि चौपदरी संघाटी अंथरून ते उजव्या कुशीवर आडवे झाले. बुद्धांनी पाठदुखी लपवली नाही आणि काम दुसऱ्याच्या हाती देण्यात कमीपणा मानला नाही. आपल्या घरात आईची कंबर धरली की हंडा कोण उचलतो? अठरा वर्षांचा मुलगा मोबाइल घेऊन बसलेला असतो आणि आई गोळी घेऊन नळावर जाते, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिले आहे. त्या घरात आनंद कोणी व्हायचे, ते घरानेच ठरवावे.

कामाच्या जागीही तेच. ‘गुडघे वाकवून उचला’ असे सांगणे सोपे. ओझे अंगाजवळ धरा, उचलताना कंबर पिळू नका, दोघे मिळून उचला, हे आम्हीही सांगतो. पण शंभर किलोचे पोते कसेही उचलले तरी शंभर किलोच. म्हणून पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचे वजन पन्नास किलोवर आणण्याची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, २००८ मध्ये ‘स्वच्छ’ संस्थेचे महापालिकेशी काम सुरू झाले, आणि कचरावेचक बायकांच्या डोक्या-पाठीवरचे ओझे ढकलगाडीवर आले. ढकलगाडी हीसुद्धा कंबरेचा इलाजच आहे, आणि तिचे चाक जाम असेल तर त्याची तक्रार औषधाच्या चिठ्ठीइतकीच महत्त्वाची.

कडक गोळीचे खरे कारण बुडणारी रोजी आहे, हे आम्हाला कळते. म्हणून कंत्राटी सफाई किंवा कारखान्यात असाल आणि पगारातून ई.एस.आय. कापले जात असेल तर कार्ड मागून घ्या. आजारपणात ई.एस.आय.च्या डॉक्टरांनी रजा लिहून दिली आणि हप्त्याचे दिवस भरलेले असले, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. बिबवेवाडीला ई.एस.आय.चे रुग्णालय आहे. कार्ड नसेल तर औंधचे जिल्हा रुग्णालय आहे. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ससूनमध्ये फिजिओथेरपी विभाग आहे. जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, अर्धवट असल्या तरी, एका पिशवीत घालून न्या. डॉक्टरांना नुसते ‘कंबर दुखते’ म्हणू नका. काम काय करता, किती वजन उचलता, कुठल्या हालचालीला अडते, पायात मुंग्या येतात का, रात्री झोप लागते का, ते सांगा. आणि विचारा, ‘डॉक्टर, यात अफूच्या जातीची गोळी आहे का? मला व्यायाम कोण शिकवेल?’