मालट्रकातली चूल

माझा एक जुना विद्यार्थी मालट्रक चालवतो. कोल्हापूरहून गूळ भरून गुजरातेत जातो आणि मोरबीहून फरशा घेऊन परत येतो. चौथीत त्याने पाटी टाकली होती. पस्तिशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गात येऊन त्याने पुन्हा अक्षरे गिरवली. आता तो वर्तमानपत्र वाचतो. हळू वाचतो, पण वाचतो.

गेल्या दिवाळीच्या आधी तो घरी आला. हातात हातभर लांबीची काळी पडलेली वायर होती.

"गुरुजी, वाचलो बघा," तो म्हणाला.

त्याचे असे झाले. डॉक्टरांनी त्याला साखरेचा आजार सांगितला. ढाब्यावरचे तेलकट खाणे बंद करा, घरचे खा, असे बजावले. घरचे कसे खाणार? त्याची कारभारीण डाळ, भाजी, भाकरी बांधून देई. पण रात्री अकरा वाजता थंड गोळा घशाखाली उतरेना. पूर्वी तो केबिनमध्ये स्टोव्ह ठेवत असे. एकदा भडका उडून क्लीनरचा हात भाजला, तेव्हा स्टोव्ह सुटला. ते बरेच झाले. बंद केबिनमध्ये स्टोव्ह किंवा गॅस पेटवला तर आगीची भीती असतेच, शिवाय एक विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

मग कोणीतरी सांगितले, मायक्रोवेव्ह घे. धूर नाही, जाळ नाही.

दुकानात पेटीच्या पुढच्या बाजूला 700 वॉट असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. दुकानदार म्हणाला, "700 ची पेटी आहे, 1000 वॉटचा इन्व्हर्टर घ्या. वर 300 शिल्लक राहतात." हिशेब सरळ दिसला. आमच्या गड्याने दोन्ही वस्तू घेतल्या, घरातली जुनी वायर घेतली आणि इन्व्हर्टर एका बॅटरीला जोडून टाकला.

कराडच्या पुढे एका ढाब्याच्या आवारात त्याने डाळ तापवायला ठेवली. इन्व्हर्टर चीं चीं ओरडून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा त्याने बटण कमी आचेवर फिरवले. त्याला वाटले, आच निम्मी केली की वीजही निम्मी लागेल. या वेळी पेटी चालली, पण सीटमागून धूर आला. क्लीनरने गोणपाटाने धरून वायर ओढून काढली. वायरीपासून वीतभर अंतरावर झोपायची गादी होती.

मी म्हटले, "अरे, पेटीच्या मागची पट्टी वाचलीस का?"

"मागं पट्टी असते व्हय?"

असते. प्रत्येक विजेच्या यंत्राला असते. लहान असते, बहुधा पाठीमागे किंवा दाराच्या आत चिकटवलेली असते. ती इंग्रजीत असते म्हणून घाबरू नका. आकडे वाचता आले आणि तीन इंग्रजी अक्षरे ओळखता आली की झाले. दोन तिरप्या रेघा खाली टोकाला मिळतात, ते व्ही. म्हणजे व्होल्ट. असे दोन व्ही शेजारी जोडले की डब्ल्यू. म्हणजे वॉट. आणि घराच्या छपरासारखे, मध्ये आडवी तुळई असलेले, ते ए. म्हणजे अँपिअर.

आम्ही त्याची पेटी उलटी करून पाहिली. मागच्या पट्टीवर वॉटचे दोन आकडे होते. एक 700, दुसरा 1100. पुढच्या बाजूचा 700 म्हणजे अन्नाला मिळणारी उष्णता. त्याला आउटपुट म्हणतात. 1100 म्हणजे पेटी तारेतून ओढते ती वीज. तिला इनपुट म्हणतात. मधले 400 पेटी तापण्यात, पंख्यात, दिव्यात जातात. दळणात पीठ उडते तसेच हे. दुकानदाराने पिठाचा आकडा धरला, धान्याचा धरला नाही.

आता व्होल्ट आणि अँपिअर यांची ओळख करून घेऊ. उंच टाकीतून पडणारी पाण्याची बारीक धारही चाक फिरवते. बांध बुटका असेल तर तेच चाक फिरवायला रुंद पाट लागतो. पाण्याची उंची म्हणजे व्होल्ट. किती पाणी वाहते ते अँपिअर. उंचीला वाहत्या पाण्याने गुणले की काम निघते, ते वॉट. म्हणून वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात.

आपल्या घरात 230 व्होल्ट असतात. 1100 ला 230 ने भागा. पाचही अँपिअर भरत नाहीत. घरात म्हणूनच बेताची वायर चालते. मालट्रकात 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. इन्व्हर्टर त्या 24 चे 230 करतो, पण फुकट करत नाही. शंभरातले दहा-पंधरा स्वतः खातो. म्हणजे पेटीला 1100 वॉट द्यायचे तर बॅटरीतून सुमारे 1300 काढावे लागतात. 1300 भागिले 24 म्हणजे 54 अँपिअर!

तीच पेटी, तीच डाळ. घरात 5 अँपिअर आणि मालट्रकात 54. आमच्या गड्याने तर एकाच बॅटरीला, म्हणजे 12 व्होल्टला जोडले होते. तिथे ओढ 108 पर्यंत जाते. अँपिअर दुप्पट झाले की वायर दुप्पट तापत नाही, चौपट तापते. घरातल्या 5 अँपिअरच्या वायरीवर एवढा भार पडल्यावर धूर येणारच.

आणि कमी आच? साध्या मायक्रोवेव्हमध्ये आच कमी केली तरी ओढ कमी होत नाही. पेटी पूर्ण जोराने चालते, थांबते, पुन्हा पूर्ण जोराने चालते. तेवढ्या थांबण्यामुळेच इन्व्हर्टर दम धरून राहिला आणि वायर जळायला वेळ मिळाला.

एका बॅटरीवरून 12 व्होल्ट घेण्याची खोड पुष्कळ ड्रायव्हरांना असते. गाण्याच्या यंत्रासाठी घेतात. त्याने एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरीला जास्त चार्ज मिळतो. दोन्ही लवकर मरतात. जोड्यातला एक बैल थकला की दुसऱ्याचीही खांदेफोड होते, तसे हे. मालट्रकाला 24 व्होल्टचाच इन्व्हर्टर घ्यावा.

"मग गुरुजी, 54 अँपिअर म्हणजे बॅटरी लगेच बसणार," तो म्हणाला.

इथे त्याचे दुसरे गणित चुकत होते. डाळ-भाजी तापायला वेळ किती लागतो? पाच-सहा मिनिटे. दहा धरू. दहा मिनिटे म्हणजे तासाचा सहावा भाग. 54 चा सहावा भाग 9. बॅटरीवर एएच असा आकडा असतो, 120 किंवा 150 असा. त्यातले फक्त 9 गेले. गाडी थोडा वेळ धावली की ते भरून निघतात. मालट्रकाचा स्टार्टर मारताना तर शेकडो अँपिअर वाहतात, पण दोन-चार सेकंदच. स्टार्टरची केबल किती जाड असते ते त्याला सांगायला नको होते. तो स्वतःच म्हणाला, "आता कळलं ती एवढी जाड का असते."

भार बॅटरीला झेपतो. वायरीला झेपत नाही. त्याला मी हे दोनदा म्हणायला लावले. शाळेतली सवय, जात नाही.

तेव्हा करायचे काय? पट्टीवरच्या इनपुटपेक्षा इन्व्हर्टर चांगला मोठा हवा, कारण सुरू होताना पेटी क्षणभर जास्त ओढते. 1100 ला 2000 वॉटचा धरावा. स्वस्त इन्व्हर्टरची वीज पायऱ्या-पायऱ्यांची असते. त्यावर पेटी गुरगुरते, नेहमीपेक्षा जास्त तापते आणि अन्न मात्र नीट तापत नाही. म्हणून प्युअर साइन वेव्ह असे लिहिलेला घ्यावा. महाग असतो, इलाज नाही. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची केबल करंगळीएवढी जाड आणि जमेल तेवढी आखूड हवी. नेमकी जाडी इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत चौरस मिलिमीटरमध्ये दिलेली असते. तिच्या मापाचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. फ्यूज इन्व्हर्टरकडच्या टोकाला लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडली. ती कुठे घासून बॉडीला टेकली तर जळेल आणि फ्यूज तसाच राहील. मोबाइल लावायचे डॅशबोर्डवरचे भोक या कामाला नाही. तिथला फ्यूज 10-15 अँपिअरचा असतो.

हे काम गाडीच्या वायरिंगच्या मिस्त्रीकडून करून घ्यावे. इन्व्हर्टरमधून 230 व्होल्ट निघतात. तो झटका घरातल्या विजेइतकाच जीवघेणा. इन्व्हर्टर गादीखाली कोंबू नये, त्याला वारा लागतो. बॅटरीच्या पेटीतही ठेवू नये. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, ठिणगी नको. आणि गाडी मालकाची असेल तर आधी मालकाला विचारावे. केबिन जळाली तर पहिला प्रश्न तोच येईल.

एक गोष्ट मात्र मलाही हिशेब केल्यावरच कळली. काम झाल्यावर इन्व्हर्टर बंद केला नाही तर तो नुसता बसून वीज खातो. समजा 15 वॉट. फार नाहीत. पण चोवीस तासांत 15 एएच होतात. डाळ तापवायला 9 आणि विसरायला 15!

पेटीत स्टीलचा डबा चालत नाही, हे आपल्या लोकांना फार जड जाते. कारभारीण डबा देते तो स्टीलचाच. या पेटीत जाळ नसतो. आत मॅग्नेट्रॉन नावाची नळी असते, तिच्यातून लहरी निघतात आणि अन्नातल्या पाण्याचे कण हलवून तापवतात. ही नळी मूळची रडारची. 1945 साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचा माणूस अशा नळीजवळ उभा होता. त्याच्या खिशातली गोळी वितळली. त्यातून ही पेटी निघाली. धातूवरून त्या लहरी परततात आणि डब्याच्या कडेवर ठिणग्या उडतात. म्हणून जाड काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे ठेवावे. सोनेरी काठाचे नको. झाकण घट्ट लावू नये. मध्ये एकदा ढवळावे, नाहीतर कडेला चटका आणि मध्ये गार. अख्खे उकडलेले अंडे ठेवू नये, ते फुटते, कधी तोंडासमोर आणल्यावर फुटते. पेटी रिकामी चालवू नये. भाकरीची फार आशा धरू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून अर्धा मिनिट ठेवली तर मऊ होते, जास्त ठेवली तर चामडे. पिठले मात्र झकास तापते.

गाडी धावताना आतली काचेची थाळी काढून फडक्यात गुंडाळावी. पेटी पट्ट्याने आवळून ठेवावी. दहा-बारा किलोचे वजन आहे. ब्रेक मारला की ते डोक्याकडेच येते.

आणि तापवले म्हणजे नासलेले चांगले झाले, असे नाही. उन्हाळ्यात सकाळचा भात संध्याकाळी उकळून खाल्ला तरी पोट बिघडू शकते. त्यात तयार झालेले विष उकळून जात नाही. दोन दिवसांचे जेवण न्यायचे तर थंड ठेवायची सोय आधी हवी, तापवायची नंतर.

युरोपात थेट 24 व्होल्टवर चालणाऱ्या मायक्रोवेव्ह पेट्या मिळतात. त्यांना इन्व्हर्टर लागत नाही, पण जाड वायर लागतेच. अमेरिकेतले मोठे मालट्रक 12 व्होल्टचे असतात. तिथे केबल आणखी जाड. त्या देशांत ड्रायव्हर आठवडाच्या आठवडा केबिनमध्ये राहतो. आपल्याकडे दर दहा-वीस मैलांवर ढाबा आहे. तिथे प्लगही असतो. चहा घेतला की बहुतेक ढाबेवाले डबा तापवून देतात. एका रात्रीच्या खेपेला एवढा खर्च करू नये, असे माझे मत आहे. गरम राहणारा चांगला डबा पुरतो. पण ज्याला पथ्य आहे आणि चार-चार रात्री बाहेर काढायच्या आहेत, त्याची गोष्ट वेगळी.

आमच्या गड्याने पौषात मालकाची परवानगी घेऊन सगळे नव्याने बसवून घेतले. पेटीपेक्षा बाकीचा खर्च जास्त आला. दुकानात गेला तेव्हा त्याने आधी पेटी फिरवून मागची पट्टी वाचली. दुकानदार म्हणाला, "काय बघताय?" हा म्हणाला, "धान्य किती लागतं ते."

आता एक गणित तुमच्यासाठी. एका टेम्पोत 12 व्होल्टची बॅटरी आहे. मायक्रोवेव्हच्या पुढे 800 वॉट लिहिले आहे. मागच्या पट्टीवर इनपुट 1275 वॉट आहे. इन्व्हर्टर शंभरातले पंधरा खातो. बॅटरीतून किती अँपिअर वाहतील? आठ मिनिटांत किती एएच जातील? कागदावर मांडा आणि गाडीच्या वायरिंगच्या मिस्त्रीला दाखवा.