दारातला ट्रक सुरू का होत नाही?

नागपूरच्या गांधीबागेत कापडाची मोठी ठोक बाजारपेठ आहे. समजा, तिथे माल पोचवणारी एक छोटी मालमोटार मालकाच्या दारात रात्रभर उभी होती. डिसेंबरची पहाट. मालकाने किल्ली फिरवली. समोरचे दिवे लख्ख लागले, पण इंजिनाकडून नुसता 'टक्' असा आवाज आला आणि सारे शांत! एक शेजारी म्हणतो, "बॅटरी गेली." दुसरा म्हणतो, "छे, दिवे तर लागताहेत. सेल्फ गेला." दोघांपैकी कोणाचेही ऐकले तरी काही हजार रुपयांचा खर्च आणि दिवसाचे भाडे बुडाले ते वेगळेच. आणि कदाचित दोघेही चुकत असतील.

प्रथम 'सेल्फ' म्हणजे काय ते पाहू. इंजिन आपण होऊन फिरू लागत नाही. त्याला पहिले काही फेरे देण्यासाठी विजेची एक दणकट मोटर बसवलेली असते. गॅरेजात तिला सेल्फ म्हणतात. तिच्या आणि दिव्यांच्या भुकेत फार मोठा फरक आहे. समोरचे दोन्ही दिवे मिळून सुमारे 10 अँपिअर प्रवाह घेतात, तर सेल्फला 200 अँपिअर किंवा त्याहूनही अधिक लागतो.

आता बॅटरीच्या टोकावर गंज चढून तिथे 0.02 ओहम इतका रोध निर्माण झाला आहे असे समजा. ओहमचा नियम तुम्ही शिकलाच आहात. दिव्यांसाठी 10 × 0.02 म्हणजे अवघा 0.2 व्होल्ट त्या गंजात खर्च होतो. 12 व्होल्टमधून एवढे गेले तर डोळ्यांना पत्ताही लागत नाही. पण सेल्फसाठी 200 × 0.02, म्हणजे 4 व्होल्ट! प्रत्यक्षात रोधामुळे प्रवाहही घटतो, म्हणून आकडा थोडा कमी भरेल. पण सेल्फच्या वाट्याला पुरेसे विभवांतर उरत नाही हे खरे. म्हणजे दिवे लागले यावरून बॅटरी आणि तिचे जोड ठीक आहेत असे अनुमान काढता येत नाही. रिकाम्या हाताने जिना चढणारा माणूस गाठ पाठीवर घेऊनही चढेल, असे आपण म्हणतो का?

म्हणून मोजमाप भार असताना करावे. गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले, आणि जवळ जाणता मोठा माणूस हवा. मल्टिमीटर 20 व्होल्टच्या डीसी टप्प्यावर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरे त्याच खुंटीवर आवळलेल्या पकडीवर टेकवा. मालकाला किल्ली फिरवू द्या. जोड निर्दोष असेल तर काटा शून्याजवळच राहील. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दाखवला तर चोर तिथेच आहे. मग ऋण खुंटी आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये हीच परीक्षा करा. अर्थची तार ढिली असणे हा दोष फार वेळा आढळतो आणि फार वेळा विसरला जातो.

एका 'टक्' ऐवजी 'टक-टक-टक' असा जलद आवाज आला तर? शाळेची विजेची घंटा आठवा. सेल्फवरचा विद्युतचुंबक जोड मिळवतो, लगेच सेल्फ प्रवाह ओढतो, दुबळ्या बॅटरीचे विभवांतर कोसळते, चुंबक सुटतो, विभवांतर पुन्हा सावरते आणि चुंबक पुन्हा ओढतो. हा आवाज बहुधा उतरलेल्या बॅटरीचा असतो.

नागपूरच्या हवेचा इथे मोठा हात आहे. 23 मे 2013 रोजी शहरात 47.9 अंश, तर 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. उन्हाळ्याच्या उष्णतेत बॅटरीच्या पट्ट्या लवकर झिजतात. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनाचे तेलही घट्ट होते. मे महिन्यात झालेली हानी डिसेंबरात उघडकीस येते ती अशी.

खुंटीवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. त्यातले आम्ल सोड्याशी संयोग पावते आणि कर्बद्विप्राणिद वायूचा फेस येतो. मात्र आधी ऋण तार सोडावी, आणि हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. बॅटरीतून हायड्रोजनही निघतो, म्हणून जवळ काडी ओढायची नाही. दुसऱ्या 12 व्होल्टच्या बॅटरीची मदत घेताना शेवटची ऋण तार खुंटीला न लावता इंजिनाच्या धातूला दूरवर लावतात, ते याच कारणाने. शेवटच्या जोडाशी ठिणगी उडते.

आता समजा, सेल्फ जोमाने फिरतो, पण गाडी पेटत नाही. जुन्या डिझेल गाडीत इंजिन बंद करण्याची ओढखुंटी ओढलेली तर राहिली नाही ना, हे आधी पाहावे. हसू नका, असे होते! मग सायलेन्सरकडे पाहा. धूर मुळीच नसेल तर डिझेल इंजिनात पोचतच नाही. पांढरा धूर असेल तर पोचते, पण जळत नाही.

डिझेल संपल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर नळीत हवा शिरते. द्रव फारसा दबत नाही, हवा मात्र दबते. पंपाचा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडण्यासाठी लागणारा, वातावरणाच्या सुमारे 200 पट दाब तयार होत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारतात. बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल आले की स्क्रू आवळतात.

पांढऱ्या धुराची गोष्ट अधिक मजेची आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे अठरापट दाबली जाते आणि पहाटेची 10 अंशांची हवा आदर्श स्थितीत 600 अंशांच्या आसपास तापते. सायकलच्या पंपाचे तोंड गरम होते, त्याचाच हा मोठा भाऊ. पण इंजिन रेंगाळत फिरले तर दाबली जाणारी हवा रिंगांच्या फटींतून निसटते, तिची उष्णता थंड भिंती शोषून घेतात आणि डिझेल पेटत नाही. म्हणजे दोष डिझेलचा वाटला तरी तो पुन्हा त्या गंजलेल्या खुंटीपाशी निघू शकतो.

स्क्रू सैल करण्याची रीत मात्र जुन्या पंपांपुरतीच. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज-6 च्या डिझेल गाड्यांत नळ्यांतला दाब वातावरणाच्या हजारपटींहून अधिक असू शकतो. त्यांतून उडालेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. तिथे नळ्यांना हात न लावता मिस्त्रीलाच बोलवावे.