वेल्ह्याचे राजगड करताना

भोरच्या शेजारच्या वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने 2024 साली मान्यता दिली. समजा, तुमच्या शाळेने लिहिलेल्या परिसराच्या माहितीत हे नवे नाव घालायचे आहे. माहिती संगणकात आहे. तिच्यातील चार वाक्ये पाहा :

1. तोरणा किल्ला वेल्हे तालुक्यात आहे.
2. वेल्हे बुद्रुक हे तोरण्याच्या पायथ्याचे गाव आहे.
3. भोर आणि वेल्हे हे शेजारचे तालुके आहेत.
4. पानशेत धरण वेल्ह्यात आहे.

संगणकावर मजकूर लिहिण्या-दुरुस्त करण्याच्या प्रोग्रॅमला टेक्स्ट एडिटर म्हणतात. बिल जॉय यांनी 1976 साली ‘व्हीआय’ हा एडिटर रचला. त्याच धर्तीवरचा ब्रॅम मूलेनार यांचा ‘व्हिम’ 1991 साली आला. ‘वेल्हे शोध, राजगड लिही’ ही आज्ञा असा एडिटर क्षणात पाळतो. पण परिणाम काय होतो? पहिले व तिसरे वाक्य सुधारते. दुसऱ्यात मात्र गावाचेच नाव पुसले जाते. नामांतर तर तालुक्याचे आहे! चौथे वाक्य तसेच राहते, कारण ‘वेल्ह्यात’ या शब्दात ‘वेल्हे’ ही अक्षरे नाहीत. एडिटर अक्षरे जुळवतो. अर्थ त्याला कळत नाही.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाला विचारावे काय? अवश्य. विभक्तीची रूपे तो चांगली ओळखतो. पण सारा मजकूर त्याच्याकडून नव्याने लिहून घेऊ नका. पुढे कोणता शब्द येणे संभवते, याचा अंदाज बांधत तो लिहितो. त्या ओघात न सांगितलेला एखादा शब्दही बदलू शकतो. हजार ओळींत तो कसा सापडणार?

म्हणून त्याच्याकडे तयार मजकूर मागू नका, नियम मागा : ‘वेल्हे’च्या पुढे ‘बुद्रुक’ नसेल तरच ‘राजगड’ लिही, ‘वेल्ह्यात’चे ‘राजगडात’ कर. हा नियम तुम्ही स्वतः एडिटरमध्ये चालवा. व्हिमसारखा एडिटर सांगितल्यास प्रत्येक ठिकाणी थांबून ‘बदलू का?’ असे विचारतो. होय की नाही, ते तुम्ही ठरवा.

शेवटी हिशेब जुळवा. आधी ‘वेल्ह’ ही अक्षरे 4 ठिकाणी होती. बदल 3 झाले, 1 राहिले. बेरीज 4 आली, म्हणजे एकही जागा नजरेतून सुटली नाही.

आता पाचवे वाक्य घ्या : ‘वेल्ह्याहून भोरला एस. टी. जाते.’ येथे वेल्हे म्हणजे गाव की तालुका? हे अक्षरे सांगणार नाहीत. मदतनीसही फार तर तर्क करील. माहिती ज्याने लिहिली, त्यालाच विचारावे लागेल.