कर्करोग, प्रतिकारशक्ती आणि हालचालींचे विकार

चेन्नईतील सरकारी जनरल हॉस्पिटलात डॉ. बी. राममूर्ती यांनी १९५० साली मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून अड्यारची कर्करोग संस्था १९५४ साली उभी राहिली. या दोन्ही शाखांच्या सीमारेषेवर एक विरळा विकारसमूह आहे. त्यास ‘पॅरानिओप्लास्टिक’ चेताविकार म्हणतात.

यात गाठ मेंदूत नसते, तेथे पसरलेलीही नसते. तरीही रुग्णाचा तोल जातो, बोलणे अडखळते, हात कापतात. याचे कारण असे की, अंडाशयाच्या वा स्तनाच्या काही गाठींत एरवी चेतापेशींत आढळणारे प्रथिन तयार होते. प्रतिकारयंत्रणा त्याला परके समजून गाठीवर हल्ला करते. तेच प्रथिन अनुमस्तिष्कातील पुर्किंजे पेशींत असल्याने त्याही बळी पडतात. रक्तातील ‘अँटी-यो’ प्रतिपिंडे ही या घटनेची खूण होय. प्रत्यक्ष संहार मुख्यतः टी-पेशी करतात, असे मानले जाते. परीक्षार्थींची येथे हमखास गल्लत होते.

याउलट, तरुण स्त्रियांत अंडाशयातील टेराटोमा गाठीमुळे होणाऱ्या मेंदूदाहात प्रतिपिंडेच पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींना निकामी करतात. चेहरा व तोंडाच्या विचित्र हालचाली हे त्याचे एक लक्षण. जोसेप दालमाऊ व सहकाऱ्यांनी २००७ साली हा आजार स्पष्ट केला. येथे पेशी सहसा मरत नाहीत, म्हणून गाठ काढल्यावर बरेच रुग्ण सावरतात. बालकांत डोळ्यांची सैरभैर हालचाल आणि अंगाला झटके दिसल्यास न्यूरोब्लास्टोमाचा शोध घ्यावा लागतो.

अनेकदा ही लक्षणे कर्करोगाच्या निदानाआधी दिसतात. २०१० पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमातील तपासणी मुख, स्तन व गर्भाशयमुख यांपुरती आहे. अंडाशय व फुप्फुस तिच्या कक्षेत नाहीत. त्यामुळे तोल जाणारी स्त्री चक्करेच्या गोळ्या घेऊन घरी परतली, तर काही आठवड्यांत ती अंथरुणाला खिळू शकते. मेलेल्या पुर्किंजे पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. पार्क टाऊनचा चेतातज्ज्ञ आणि अड्यारचा कर्करोगतज्ज्ञ यांच्यातील अंतर म्हणूनच किलोमीटरपेक्षा दिवसांत मोजलेले बरे.

गाठ शोधून काढणे हा पहिला उपचार. स्टेरॉइड व इम्युनोग्लोब्युलिन जोडीला दिली जातात. शंका प्रबळ असून पहिल्या तपासणीत गाठ सापडली नाही, तर दर चार ते सहा महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत शोध चालू ठेवावा, असे २०२१ चे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात.